चहा आणेल त्याने सांगायचं

आमच्या मालिश केंद्राचा सगळ्यात जुना नियम भिंतीवर कधी लिहिला नाही, कारण भिंतीवरचं वाचू शकणारी तिथे मी एकटीच. नियम साधा होता: अक्काला जो चहा नेऊन देईल, त्यानेच तिला बातमी सांगायची.

अक्का माझी थोरली बहीण. डोळे जन्मापासून नव्हतेच, विशीतल्या एका तापात कानही गेले. वाचा मात्र शाबूत राहिली, आणि अशी राहिली की काही विचारू नका. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिची कुजबुजसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. एकदा एका गिऱ्हाइकाला तिनं "हळूच" सांगितलं होतं, की तुमचं पोट सुटल्यामुळे कंबर दुखतेय. ते गृहस्थ महिनाभर फिरकले नाहीत.

तिच्याशी बोलायचं तर तिची बोटं हातात घ्यावी लागत. दोन्ही हातांची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, मिळून सहा. ब्रेलच्या एका अक्षरात सहा टिंबांची जागा असते, म्हणून ही सहा बोटं. ज्या अक्षराची जी टिंबं, ती बोटं दाबायची. पहिला शब्द ठरलेला असे, चहा. दोन्ही तर्जन्या एकदम दाबल्या की च. तो दार वाजवण्याचा प्रकार होता. त्यावरून तिला कळायचं की हा आपल्यातलाच कुणीतरी आहे, पुढे कप येतोय आणि मग गावभरच्या बातम्या.

केंद्र अक्कानं आणि मास्तरांनी काढलं. मास्तर स्वतः अंध, अंधशाळेत शिकवायचे. मुलं शिकून बाहेर पडतात आणि मग घरात बसून राहतात, या गोष्टीचा त्यांना संताप होता. अक्काच्या हातात मालिशची कला होती. दोघांनी मिळून ठरवलं की कुणापुढे हात पसरायचा नाही, हात चालवायचे. हळूहळू आठ-नऊ जण जमले, सगळे अंध. जे मिळेल त्यातून नव्यांना शिकवायचं. मी हिशेब, फोन आणि भांडणं बघायची. शेवटचं काम मला जास्त चांगलं जमतं असं मास्तर म्हणत.

मग तो आजार आला आणि माणसाने माणसाला हात लावायची बंदी झाली.

पहिल्या दिवशी तर आम्ही नुसते बसून राहिलो. खाणावळ बंद झाली तर डबे घरी पोचवता येतात. दुकान बंद झालं तर माल दारात ठेवता येतो. आम्ही काय पोचवणार? आमचा मालच मुळी स्पर्श. आम्हाला मदत करणाऱ्या एका संस्थेनं एक सल्लागार जोडून दिला. तो संगणकावरून बोलला. संकटात धोरण कसं बदलावं, यावर पाऊण तास बोलून झाल्यावर म्हणाला, "आता सगळ्यांनी पडद्यावरचा तक्ता नीट बघा."

"बघितला," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "रंग छान आहेत."

त्या दिवसांतलं ते शेवटचं मोठं हसू. पण त्या हसण्यानंतर मास्तरच म्हणाले, "हात गेले. राहिलं काय? कान राहिले. लोक घराघरात एकेकटे कोंडलेत. कुणाला ताप आहे, कुणाला नुसतीच भीती आहे. त्यांचं ऐकायला कुणाला वेळ आहे? आपल्याला आहे."

अशी आमची फोनसेवा सुरू झाली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजारी लोकांचे नंबर द्यायचे, आमच्या माणसांनी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. गप्पा मारायच्या, ताप विचारायचा. पण आठवडाभरातच एक वेगळी गोष्ट लक्षात आली. पाठीवर हात ठेवून वर्षानुवर्षं "श्वास सोडा" म्हणणाऱ्या या मंडळींचा कान श्वासावर बसलेला होता. आमच्यातली सगळ्यात लहान, चिमणी, अखंड चिवचिव करायची म्हणून हे नाव पडलेलं, ती एका आजोबांशी बोलता बोलता एकदम गप्प झाली. फोन ठेवून म्हणाली, "ताई, यांचं वाक्य मधेच तुटतंय. काल नव्हतं तुटत. डॉक्टरीणबाईंना सांग." आजोबांना नेलं आणि ते वाचले. मग तेच काम मुख्य झालं. मालिशची टेबलं भिंतीला लागली. दिवाणखान्यात लांब लांब खुर्च्या आल्या. सगळ्यांना काम मिळालं. दाराबाहेर जाऊन मी चक्क नाचले.

सगळ्यांना, म्हणजे अक्का सोडून. बहिऱ्या माणसाला फोनवर कोण बसवणार?

ती केंद्राच्या मागच्या खोलीतच राहायची. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं की हिची छाती आधीच नाजूक आहे, हिला जपा. दवाखाना, बाजार, औषधं अशी सगळीकडे तोंड घालत फिरणारी मीच. म्हणून मी सगळ्यात लांब राहिले. तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर डबा आणि थर्मास ठेवायचा आणि श्वास रोखून मागे सरायचं. कप तर पहिल्याच दिवशी बंद झाले होते. प्रत्येकानं आपापला थर्मास घरून आणायचा असं ठरलं होतं. अक्काला टॉवेलांच्या घड्या घालायचं काम दिलं. धुतलेल्या टॉवेलांचा ढीग ती नीट रचायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर तोच ढीग मोडून पुन्हा रचत असायची. मला वाटलं, बरं झालं, वेळ जातोय.

एक दिवस डबा तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी हातमोजे चढवले, तोंड बांधलं आणि खोलीत गेले. अक्का पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर तिची जुनी पिशवी, तोंडापर्यंत भरलेली. खांद्याला हात लावताच ती अशी दचकली की पिशवी खाली पडली.

"कोण आहे? हा कुणाचा हात?"

मोज्यातला हात तिला ओळखता येईना. मी तर्जन्या दाबायला गेले तर तिनं हात मागे ओढले.

"न्यायला आलात का? निघते मी. पण आधी एक सांगा. पोस्टमनकाका आहेत का? जिवंत आहेत का?"

पोस्टमनकाका आमचं जुनं गिऱ्हाईक, केंद्र बंद पडलं त्या दिवशी तिच्या टेबलावर होते. मला काही समजेना.

"त्यांची मान वाजली माझ्या हाताखाली," ती बोलत होती. घसा बसलेला, तरी आवाज मोठाच. "मला वाटलं, नेहमीसारखीच वाजली. त्यानंतर कुणी आलंच नाही. चिमणी 'आज बंद' एवढंच सांगून पळाली. कुणी माझ्या हाताला हात लावेना. मी रोज आठवून बघते, किती दाब दिला होता, कुठे दिला होता. विचारायची हिंमत होईना... विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

 मी मोजे ओरबाडून काढले. तिचे दोन्ही हात धरले आणि दाबलं. चहा. मग सांगितलं: आजार. सगळीकडे. जगभर. शिवायचं नाही असा हुकूम. काका ठणठणीत, रोज फोनवर कुरकुरतात.

 अक्का हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"म्हणजे मी नाही?" ती म्हणाली. "माझ्या हातून नाही?"

अख्ख्या जगावर संकट आलंय हे ऐकून कुणाचा जीव भांड्यात पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

बाहेर येऊन मी सगळ्यांना फैलावर घेतलं. मास्तर म्हणाले, "मला वाटलं चिमणीनं सांगितलं." चिमणी म्हणाली, "मला वाटलं बाकीचं चहा नेणारा सांगेल." आणि मला वाटलं होतं की पहिल्या दिवशीच मास्तरांनी सांगितलं असणार. कुणीही काखा वर करत नव्हतं. जो तो खरंच बोलत होता. कप बंद करताना त्या कपाबरोबर अक्काचं बोलणंही बंद होतंय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शहरभरच्या एकट्या माणसांना आम्ही रोज दोनदा फोन करत होतो, आणि आमच्याच मागच्या खोलीत एक बाई स्वतःला खुनी समजत बसली होती.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं, हिला हात लावू नका. मीही त्याच मताची. जिवंत राहिली तर पुढे जन्मभर बोलू की! मास्तर म्हणाले, "ताई, हे तुम्ही आणि मी कोण ठरवणार? तिला विचारा."

विचारलं. अक्का भडकली.

"धाकटे, तू कानात बोळे घाल, डोळ्यांवर पट्टी बांध आणि बस त्या खोलीत. कधी संपणार ते कुणी सांगायचं नाही. मग ये मला अक्कल शिकवायला. मला हात हवाय. आजार होईल तेव्हा होईल."

"आणि मेलीस म्हणजे?" मी तिची बोटं जरा जास्तच जोरात दाबली असणार.

"तर तुमच्याशी बोलून मरेन."

तिच्याशी भांडून कुणी जिंकलंय का? शेवटी एवढं कबूल करून घेतलं की सगळ्यांनी नाही, एकानेच हात लावायचा. मास्तर एकटे जीव. ते मालिशच्या एका खोलीत गादी टाकून राहायला आले, बाहेर जाणं बंद केलं, हात धुऊन धुऊन सालपटं निघाली. दुपारी चहाचा कप घेऊन ते मागे जायचे आणि तासभर बाहेर यायचे नाहीत. चिमणी म्हणायची, "म्हातारपणी मास्तरांचं जमलं!" आणि अक्काला ते कळल्यावर आतून गल्लीभर ऐकू जाईल अशी शिवी यायची. आम्हाला किती बरं वाटायचं ती शिवी ऐकून.

एकदा मास्तरांनी तिला सांगितलं, की घरोघरचे लोक विचारतात, आजारी माणसाला दम लागला तर कसं झोपवायचं, आणि आम्हाला नीट सांगता येत नाही. अक्का म्हणाली, "मला द्या फोन." आम्ही हसलो. तिनं हात पुढे केलेला तसाच ठेवला.

तर तसंच सुरू झालं. पलीकडचा माणूस काय विचारतोय ते मास्तर तिच्या बोटांवर दाबायचे आणि अक्का फोनमध्ये गरजायची, "पालथं झोपवा! छातीखाली उशी, पोट मोकळं! पाठीवर हात ठेवा, दाबू नका, नुसता ठेवा. त्याला कळू दे कुणीतरी आहे!" पलीकडचे आधी घाबरायचे, मग त्यांना तिची सवय झाली. ओरडणाऱ्या बाईंना द्या, असं लोक मागून घ्यायला लागले. "बहिरी टेलिफोनवाली," ती स्वतःलाच म्हणायची आणि खूश व्हायची. त्या दिवसांत तिचा चेहरा मी डोळे भरून पाहून घेतला.

मग एका सकाळी मास्तर कप घेऊन गेले ते तसेच परत आले. "ताई, तिची बोटं तापलीत," ते म्हणाले.

आजार तिला कुणाकडून आला ते कधीच कळलं नाही. मी आणलेल्या डब्यावरून, टॉवेलांवरून, की मास्तरांना न कळत झाला होता आणि त्यांच्याकडून, काही सांगता येत नाही. मास्तरांच्या मनात मात्र त्याचं उत्तर पक्कं होतं. त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला.

अक्काला नेताना मी गाडीतल्या माणसांना सांगत होते की हिच्याशी बोटांनी बोला. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या मागे अजून चार घरं होती. आत कुणा नातेवाइकाला सोडत नव्हते. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून हातापाया पडले. फाटकावरचा माणूसही रडकुंडीला आला होता, पण त्यानं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राचा फोन वाजला. आजाऱ्यांसाठीचा नंबर म्हणून वॉर्डात आमचाच नंबर लावलेला होता. चिमणीनं उचलला. पलीकडे एक तरुण सिस्टर होती.

"तुमच्याकडे कुणाला माहीत आहे का... इथे एक बाई आहेत, त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही. कुणाला हात लावू देत नाहीत. सुई उपसून टाकतात. ओरडतात, हा कुणाचा हात, हा कुणाचा हात. मी काय करू?"

चिमणीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. बाकीच्यांनी आपापले फोन खाली ठेवले.

मास्तर पुढे झाले. "सिस्टर, तिच्यासमोर बसा. तिचे हात पालथे करून तुमच्या हातांवर घ्या. ओढेल. सोडू नका, पण आवळूही नका. घेतले? आता तिच्या दोन्ही तर्जन्या एकदम दाबा."

"दाबल्या."

"आता तिच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. उजव्याचं फक्त मधलं. हां. आता डावी अनामिका, उजवी तर्जनी, उजवं मधलं."

पलीकडून नुसती यंत्रांची पिपाणी ऐकू येत होती. मग अक्काचा आवाज आला, क्षीण, पण क्षीण म्हणजे आमच्यातुमच्या नेहमीच्या बोलण्याइतका.

"चहा? ...कुठाय चहा? कोण गं तू?"

आम्ही सगळे एकदम हसलो आणि एकदम रडलो. मास्तर एकेक अक्षर सांगत गेले, सिस्टर दाबत गेली. आम्ही फोनवर आहोत. सगळे. सुई राहू दे.

"सगळे आहेत?" अक्का म्हणाली. "मास्तर आहेत? बरं." मग जरा थांबून, "ही पोर कोण आहे? हिच्या मनगटात किती ताण आहे! इकडे ये गं, वाक. अरे देवा, मान तर दगड झालीय तुझी. कुणी हात लावला नाही वाटतं तुला?"

 मोज्यांच्या आणि झग्याच्या आत सिस्टर गेले कित्येक दिवस कुणाच्या हाताला लागली नसणार. मग तिच्या हुंदक्यांचा आवाज आला.

"बस खाली. श्वास सोड," अक्का म्हणाली. "सोड. सगळा सोड."

आम्ही ऐकत राहिलो. मला वाटलं, छान चाललंय. सुई राहिली, तिला माणूस मिळालं, ती घरी येणार. तेवढ्यात चिमणीनं माझं मनगट धरलं. मी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग सगळ्यांकडे. सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या. या काही महिन्यांत शेकडो श्वास ऐकून ते जे शिकले होते, ते त्यांना आता अक्काच्या श्वासात ऐकू येत होतं. मला एकटीला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

पुढचं सगळं हळूहळू झालं. बंदी उठली. टेबलं भिंतीपासून परत मधे आली. फोनसेवा आम्ही बंद केली नाही, एका खोलीत ती चालूच आहे, एकटी माणसं काही आजाराबरोबर संपत नाहीत. सल्लागाराचा फोन आला. तो म्हणाला, तुमचं उदाहरण इतरांना सांगण्यासारखं आहे, संकटात दिशा कशी बदलावी याचं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. काय सांगणार त्याला? मास्तर कामावर यायचे, पण टेबलाला हात लावायचे नाहीत. फोनच्या खोलीत बसायचे. कुणाच्या अंगाला हात लावायची वेळ आली की म्हणायचे, चिमणीला सांगा. स्वतःच्या हातांची त्यांना भीती बसली होती. मी समजावून थकले. ज्यानं केंद्र उभं केलं, तोच माणूस कामातून गेला होता.

एका दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली, बारीक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. हातात कोपऱ्यावरच्या टपरीतून आणलेले चहाचे दोन कप. "मास्तर इथेच असतात का?" तिनं विचारलं. आवाजावरून मी ओळखलं, वॉर्डातली सिस्टर.

"मी आधीच यायला हवं होतं," ती म्हणाली. "मी स्वतःच आजारी पडले, मग गावी गेले. फोन करणार होते. पण त्या म्हणाल्या होत्या, फोनवर नको, समोर जा. आणि आधी चहा दे."

मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. ती त्यांच्यासमोर बसली. कप बाजूला ठेवले, त्यांचे दोन्ही हात पालथे करून आपल्या हातांवर घेतले. मास्तरांनी ओढून घ्यायला पाहिले. तिनं सोडले नाहीत, पण आवळलेही नाहीत. मग दोन्ही तर्जन्या दाबल्या. मग पुढचं अक्षर. मग काना.

"मला एवढंच येतं," ती म्हणाली. "बाकीचं तोंडी सांगते. त्या रात्रभर माझा हात धरून होत्या. पहाटे म्हणाल्या, मास्तरांना सांग, त्यांच्या हातून काही झालेलं नाही. हे तीनदा सांगितलं. म्हणाल्या, कुणी सांगितलं नाही तर माणूस रोज आठवत बसतो."

खोलीतला फोन वाजायला लागला. चिमणीनं तो उचलला नाही.

मास्तरांनी तिच्या हातांवरून आपले हात सावकाश उचलले. मग त्यांनी चाचपडत कप उचलला, ओठांना लावला आणि म्हणाले, "गार झालाय." तरी सगळा प्यायले. कप खाली ठेवला, उभे राहिले आणि भिंतीला हात लावत अक्काच्या टेबलापर्यंत गेले.

"इकडे या, सिस्टर," ते म्हणाले. "तुमची मान बघू."